लौकिकाची चव

मनुष्याच्या सत्यनिष्ठेची परीक्षा न्यायमंदिरांत किंवा रणांगणावर होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तसे प्रसंग मोठे खरे. पण ते फार थोड्यांच्या वांट्यास येतात, आणि आले तरी आयुष्यांत एकदां किंवा दोनदां. उलट "कसें काय होतें?" हा प्रश्न आपणांस दररोज कोणी ना कोणी विचारीत असतो. नाटक कसें होतें, पुस्तक कसें आहे, अमक्या गांवची हवा कशी, तमक्या दुकानचा पदार्थ कसा, या प्रश्नांचीं उत्तरें आपण फारसा विचार न करतां देऊन टाकतों. त्यांत सत्यासत्याचा कांहीं संबंध आहे हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं. आमच्या ध्यानीं तें एका वडापावामुळें आलें. विषय क्षुद्र आहे हें आम्हांस मान्य आहे. तथापि वाचकांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

गेल्या आषाढांत आम्ही सहकुटुंब लोणावळ्यास गेलों होतों. पुणें आणि मुंबई यांच्यामध्यें, घाटमाथ्यावर सुमारें दोन हजार फूट उंचीवर वसलेलें हें गांव. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला, आणि तेव्हांपासून पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं हीं दोन्ही शहरें आपला सारा लोकसंभार या एका टापूवर आणून ओततात. धुकें आणि धबधबे पाहण्यासाठीं आपण जात आहों, असें आम्ही स्वतःस सांगत होतों. खरें पाहतां आमच्या भाच्यानें एक आठवडा आधींच एका दुकानाचा पत्ता हुडकून ठेवला होता. त्या दुकानीं एक अपूर्व वडापाव मिळतो असा बोभाटा होता. पावाच्या पिठांत कोळशाची पूड घालून तो काळाभोर केलेला, वड्याभोंवतीं वितळलेलें चीज, आणि त्यावर सोन्याचा वर्ख. किंमत साध्या वडापावाच्या दसपट. आम्हीं कपाळास आठी घातली, तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, लोणावळ्याला जाऊन तो खाल्ला नाहीं, तर गेलों होतों असें चारचौघांत सांगायचें तरी कसें?" त्याच्या या वाक्यांत पुढच्या साऱ्या प्रकरणाचें बीज होतें, पण तें त्या वेळीं आमच्या लक्षांत आलें नाहीं.

रांगेंत आम्ही दीड तास उभे होतों. पाऊस एकसारखा पडत होता, छत्र्यांच्या काड्या एकमेकींत अडकत होत्या, आणि पाणी पागोळ्यांतून नेमकें मानेवर उतरत होतें. वेळ जाण्यासाठीं मागच्यापुढच्यांशीं बोलणें सुरू झालें. "चांगला असतो ना हो?" असें आम्हीं पुढच्या गृहस्थांस विचारलें. ते म्हणाले, "म्हणतात खरे. एवढी रांग आहे त्या अर्थीं असेलच." मग मागच्या बाईंनीं आम्हांस तोच प्रश्न विचारला, आणि आम्हीं त्यांस तेंच उत्तर दिलें. आमच्या आसपास उभ्या असलेल्यांपैकीं एकानेंहि तो पदार्थ पूर्वीं चाखलेला नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाठीकडे बोट दाखवून उभा होता, आणि त्याच्या स्वतःच्या पाठीकडे तिसरा बोट दाखवीत होता.

अखेर तो पदार्थ हातीं आला. भाच्यानें प्रथम त्याचें छायाचित्र घेतलें, त्याखालीं "अप्रतिम!" असा शेरा लिहून तें मित्रांकडे रवाना केलें, आणि मग पहिला घास घेतला. निकाल आधीं आणि साक्ष मागाहून, असा तो प्रकार झाला. चवीविषयीं म्हणाल, तर वाईट म्हणावा असा तो वडापाव नव्हता. वाईट असता तर निदान बोलावयास कांहीं विषय तरी मिळाला असता. पाव कोरडा होता, वडा कोमट होता, आणि चीज थंड हवेनें आकसून चिवट झालें होतें. ज्या दोन गोष्टींसाठीं एवढी ख्याति, त्या म्हणजे काळेपणा आणि सोनेरीपणा. पण कोळशास म्हणण्यासारखी चव नसते, आणि सोन्यास तर मुळींच नसते. तो धातु जिभेवरून जसा येतो तसाच पुढें जातो. म्हणजे ज्यासाठीं पैसे मोजले, त्याचा जिभेशीं कांहीं संबंधच नव्हता. आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. कोणीच बोलेना. शेवटीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "वेगळा आहे, नाहीं?" आम्ही सर्वांनीं मोठ्या कृतज्ञतेनें "हो, वेगळा आहे," असें म्हणून घेतलें.

परत येतांना वळणावर एक बाई शेगडीवर कणसें भाजीत बसल्या होत्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पुढ्यांत निखारे, आणि बाजूस लिंबू, मीठ व तिखट. तेथें रांग नव्हती. आम्हीं चार कणसें घेतलीं आणि गाडीला टेकून, पावसांतच, खाल्लीं. तोंड भाजलें, बोटें काळीं झालीं, आणि भाच्यानें न मागतां दुसरें कणीस घेतलें. त्याचें छायाचित्र काढण्याची आठवण मात्र कोणासच झाली नाहीं.

येथवर झालें तें कोणाच्याहि बाबतींत होण्यासारखें आहे, आणि तेवढ्यासाठीं लेखणी हातीं धरण्याचें कारण नव्हतें. खरी गोष्ट पुढेंच आहे. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते शाळामास्तर होते. निवृत्त होऊन त्यांस पुष्कळ वर्षें झालीं. आळींतील सारीं मुलें त्यांस आजोबा म्हणतात, म्हणून आम्हीहि म्हणतों. दुसऱ्या दिवशीं जिन्यावर त्यांची गांठ पडली. "काय, तो प्रसिद्ध वडापाव खाल्लात म्हणे! कसा होता?" असें त्यांनीं विचारलें. आमच्या मनांत क्षणभर खरें उत्तर येऊन गेलें. पण दीड तास उभें राहून, एवढे पैसे घालवून, आपण फसलों असें कबूल करणें जिवावर आलें. आम्ही म्हणालों, "छान होता. एकदां तरी खावा असा." कणसाचें नांवहि आम्हीं काढलें नाहीं. कणीस काय, कोठेंहि मिळतें!

आजोबांनीं तो शब्द मनांत ठेवला. पंधरा दिवसांनीं त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता. तो दिवस साजरा करावयास म्हणून ते त्याला घेऊन आगगाडीनें लोणावळ्यास गेले, आणि गुडघे दुखत असतां त्या रांगेंत उभे राहिले. परत आल्यावर आम्हीं विचारलें, "कसा वाटला?" ते हंसून म्हणाले, "छान होता. तुम्हीं सांगितलें होतें तसाच." आम्हांस बरें वाटलें. पण संध्याकाळीं नातू आमच्याकडे खेळावयास आला तेव्हां सहज बोलून गेला, "मला तो आवडलाच नाहीं. आजोबांनीं पण अर्धा टाकला."

त्या रात्रीं आमच्या मनास जें टोंचूं लागलें, तें म्हाताऱ्याचे पैसे गेले एवढेंच नव्हे. आम्हीं त्यांस दिलेलें खोटें नाणें त्यांनीं आमचें मन राखण्यासाठीं आम्हांसच परत दिलें, आणि आम्हीं तें खरें समजून खिशांत टाकलें, हें त्यांतील शल्य होतें. नातू बोलला नसता, तर आमचें असत्य त्यांच्या सौजन्यानें शाबीत होऊन बसलें असतें. उद्यां तिसऱ्या कोणास आम्हीं मोठ्या ठामपणें सांगितलें असतें, "अहो, शेजारच्या आजोबांनासुद्धां आवडला!"

आपल्या प्राचीन नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकीं शब्द म्हणजे विश्वासार्ह मनुष्याचें सांगणें. जगांतील फार थोड्या गोष्टी आपण स्वतः चाखून पाहतों. बाकीचें आपलें सारें ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावर उभें असतें. म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबणें हा भोळेपणा नव्हे, तो संसाराचा पाया आहे. पण हा विश्वासार्ह मनुष्य, म्हणजे आप्त, ओळखावा कसा? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यानें त्याचें जें लक्षण सांगितलें आहे, त्याचा भावार्थ असा कीं, ज्यानें वस्तु स्वतः साक्षात् जाणली आहे, आणि जी जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगावी अशी ज्यास इच्छा आहे, तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू पडतें, असेंहि तो म्हणतो. म्हणजे आप्तपणास विद्वत्ता लागत नाहीं कीं कुळ लागत नाहीं. स्वतःचा अनुभव आणि तो जसाच्या तसा सांगण्याची बुद्धि, या दोनच गोष्टी पुरतात.

हें माप लावून पाहिलें म्हणजे त्या रांगेचें स्वरूप स्पष्ट होतें. रांगेंत अनुभव कोणासच नव्हता. म्हणून रांग ही कितीहि लांब असली तरी ती साक्ष नव्हे. शंभर आंधळ्यांनीं एकमेकांचे खांदे धरले म्हणून त्यांतल्या एकासहि दिसूं लागत नाहीं. आणि आमच्याविषयीं म्हणावें तर, आम्हांस अनुभव होता, पण तो जसाच्या तसा सांगण्याची इच्छा नव्हती. रांगेंतल्या लोकांत पहिलें अंग नव्हतें, आमच्यांत दुसरें नव्हतें. रांगेंतल्यांस अज्ञानाचा आडोसा होता. आमच्यापाशीं तेवढाहि नव्हता.

कोणी म्हणेल, हा सगळा नव्या थेरांचा परिणाम; जुनें तें सोनें! या मताशीं आम्ही सहमत नाहीं. नवेपणाच्या नांवानें बोटें मोडणें सोपें आहे, पण त्यांत न्याय नाहीं. ज्या वडापावास आपण आज आपला म्हणतों, तो दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनीं विकावयास आरंभ केला असें सांगतात. म्हणजे त्याचें वय एका मनुष्याच्या आयुष्याएवढेंहि नाहीं. त्यांतला बटाटा आणि मिरची हीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं, आणि पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. लोणावळ्याची चिक्की घ्यावी, तर तिच्यांतला भुईमूगहि दक्षिण अमेरिकेंतून आलेला. इतकेंच काय, ज्या कणसानें आमचें समाधान केलें, तो मकासुद्धां अमेरिका खंडांतलाच पाहुणा. एकेकाळीं हे सारे पदार्थ आपल्याकडे नवलाचेच होते. ते आपले झाले, कारण लोकांनीं ते खाल्ले, पुन्हां मागितले, मग शेजाऱ्यास सांगितले. तेथें आधीं चव होती, आणि तिच्या मागून लौकिक चालत आला. आमच्या वडापावाच्या बाबतींत लौकिक आधीं येऊन बसला होता आणि चवीस बोलावणेंच गेलें नव्हतें. तेव्हां दोष नवेपणाचा नाहीं. दोष आहे तो या उलट्या क्रमाचा.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, याचा एक मोठा मार्मिक प्रयोग अमेरिकेंत सॅलगानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनीं केला. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं अपरिचित अशीं ४८ गाणीं निवडलीं आणि १४,००० हून अधिक लोकांस तीं ऐकावयास दिलीं. कांहींना नुसतीं गाणीं दिलीं. बाकीच्यांचे आठ निरनिराळे गट केले, आणि आपल्या गटांतल्या इतरांनीं कोणतें गाणें किती वेळां घेतलें, तो आंकडा त्यांस दाखविला. आंकडा दिसूं लागतांच लोकप्रिय गाणीं अधिक लोकप्रिय झालीं आणि मागें पडलेलीं आणखी मागें पडलीं. पण गंमत अशी कीं, आठहि गटांत यशस्वी ठरलेलीं गाणीं एकच नव्हतीं. फार चांगलें गाणें सहसा तळाशीं गेलें नाहीं, फार वाईट सहसा माथ्यावर चढलें नाहीं. मधल्या साऱ्या गाण्यांचें दैव मात्र पहिल्या कांहीं लोकांच्या पसंतीवर अवलंबून राहिलें. आमचा वडापाव असाच मधला होता. आणि अशा मधल्या वस्तूंनींच जग भरलेलें असल्यामुळें, पहिला बोलणारा खरें बोलतो कीं नाहीं, याला विलक्षण महत्त्व येतें.

मग मनुष्य खरें कां बोलत नाहीं? एक कारण असें कीं, तो प्रथम स्वतःशींच खोटें बोलतो. १९५९ सालीं ॲरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनीं कांहीं विद्यार्थिनींस एका चर्चामंडळांत प्रवेश देण्यापूर्वीं कमीअधिक संकोचाची परीक्षा द्यावयास लावली. मंडळांतली चर्चा मुद्दामच रटाळ ठेवली होती. तरी ज्यांस अधिक संकोच सोसावा लागला, त्यांसच ती चर्चा अधिक गोड वाटली. जें सोसलें त्याचें मोल वसूल झालें पाहिजे, अशी मनाची धडपड असते. दीड तासाच्या पावसानें आमच्या वडापावास जेवढी चव आणली, तेवढी त्याच्या मसाल्यानें आणली नसेल.

पण दुसरें कारण यापेक्षां कठोर आहे, आणि तें आपल्या लोककथेनें अचूक हेरलें आहे. कांहीं अपराधासाठीं एका मनुष्याचें नाक कापलें गेलें. लोक हंसूं लागले, तेव्हां तो आकाशाकडे पाहून नाचूं लागला आणि म्हणाला, "हें नाक मध्यें आड येत होतें, तें गेल्याबरोबर मला देव दिसूं लागला!" एका भाविकानें आपलेंहि नाक कापून घेतलें, पण त्यास कांहीं दिसेना. तेव्हां पहिला त्याच्या कानांत म्हणाला, "आतां नाक तर गेलेंच. दिसत नाहीं म्हणशील, तर लोक तुला हंसतील. त्यापेक्षां तूंहि नाच." येणेंप्रमाणें नकट्यांचा मोठा पंथ झाला. लहानपणीं ही गोष्ट ऐकून आम्ही पोट धरून हंसलों होतों. आपण त्याच पंथांत जिन्यावर उभ्या उभ्या दीक्षा घेऊं, आणि एका वृद्ध शेजाऱ्याच्या नाकास सुरी लावूं, असें तेव्हां वाटलें नव्हतें.

यावर असें म्हणणें शक्य आहे कीं, एवढें खोटें हें व्यवहारांतलें वंगण आहे. प्रत्येक ठिकाणीं खरें बोलूं लागल्यास माणूस माणसास नकोसा होईल. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच येथें भेद केला पाहिजे. एकाद्या गरिबाच्या घरीं आपण जेवावयास बसलों आणि भाकर करपली असली, तरी "छान झाली आहे" असें म्हणणें हें असत्य नव्हे. तेथें आपण भाकरीविषयीं बोलतच नसतों, तिच्यामागच्या हातांविषयीं बोलत असतों, आणि तें बोलणें खरेंच असतें. आजोबांनीं आमच्याशीं जें खोटें बोललें, तें या जातीचें होतें. त्यांत आमचें मन राखण्याची इच्छा होती. आमचें खोटें मात्र आमचीच अब्रू राखण्यासाठीं होतें, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें भरली. बाहेरून दोन्ही वाक्यें एकच : "छान होता." पण एकाचें तोंड दुसऱ्याकडे आहे, तर दुसऱ्याचें आरशाकडे. सौजन्य आणि अप्रामाणिकपणा यांची सीमारेषा आम्हांस तरी येथेंच दिसते. विचारणारा मनुष्य आपल्या उत्तरावर कांहीं करणार असेल, आपला वेळ, पैसा किंवा विश्वास त्यावर टाकणार असेल, तर तेथें सौजन्याची सबब चालत नाहीं.

उलट बाजूचा दोषहि सांगितला पाहिजे. लौकिक मिळालेल्या प्रत्येक वस्तूस नाक मुरडणें, चारचौघांस आवडलें म्हणून आपणांस न आवडणें, हीसुद्धां दुसऱ्याच्या जिभेनेंच चव घेण्याची रीत आहे. फक्त तिचें तोंड उलट दिशेस असतें. त्या दुकानांत तळणीसमोर उभा असलेला मुलगा दिवसभर धुरांत आणि घामांत राबत होता. त्याची निंदा करण्यांत आम्हांस कांहीं भूषण वाटत नाहीं. खरें सांगणें म्हणजे कडू सांगणें नव्हे. "आम्हांस साधारण वाटला, रांगेच्या मोलाचा वाटला नाहीं," एवढे साधे शब्द त्या दिवशीं पुरले असते. त्यांत कोणाची निंदा नव्हती, आणि आजोबांचे गुडघे वांचले असते.

शेवटीं एके संध्याकाळीं आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि म्हणालों, "आजोबा, एक कबूल करायचें आहे. तो वडापाव आम्हांला मुळींच आवडला नव्हता. उगीच तुम्हांला छान म्हणून सांगितलें." ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्यानें हंसले. "अहो, मलाहि नाहीं आवडला! पण तुम्हीं इतक्या आपुलकीनें सांगितलें होतें. म्हटलें, कशाला उगीच तुमचा हिरमोड करा." आम्हीहि हंसलों. चहा आला. गोष्ट तेथेंच मिटली असें आम्हांस वाटलें.

मग त्यांनीं सहज विचारलें, "पण मग तिथें चांगलें असें कांहींच मिळत नाहीं का?" आम्हीं मोठ्या उत्साहानें त्या वळणावरच्या कणसांचें वर्णन केलें : निखारे, लिंबू, भाजलेलीं बोटें, सारें. आजोबा ऐकत होते. आमचें बोलणें संपल्यावर त्यांनीं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें आणि हळूच विचारलें, "खरेंच का?"

इतक्या वर्षांच्या शेजारांत हा प्रश्न त्यांनीं आम्हांस कधींहि विचारला नव्हता. त्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. ते केवळ विचारीत होते. आम्ही म्हणालों, "खरेंच." कणीस खरोखरच उत्तम होतें. पण तें सिद्ध करावयास आमच्यापाशीं आमच्या शब्दावांचून दुसरें कांहीं नव्हतें.